कर्करोग झाल्यावर विमा : एका प्रश्नाचा इतिहास



आजचा विषय एका प्रश्नात मावतो. "कॅन्सर झाल्यावर आरोग्यविमा मिळतो का?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. "मिळतो की" म्हणणारा एजंट असो, नाहीतर "काही उपयोग नाही" म्हणणारे शेजारी असोत, दोघंही अर्धंच सांगतात. कारण 'विमा' या एका शब्दाखाली आपण तीन निराळ्या गोष्टी बांधून ठेवल्या आहेत : धर्मादाय, हक्क आणि करार. तिन्हींचा जन्म निराळा आणि तर्कही निराळा. रुग्णाने कोणत्या दारावर जायचं, हे त्या तर्कावर ठरतं. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

पहिलं दार धर्मादायाचं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. म्हणजे एका घरातल्या दुःखातून निघालेली गोष्ट वीसेक वर्षांत शासनाची जबाबदारी झाली. याच धाग्याचं पुढचं टोक पुण्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांपर्यंत येतं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात १९८५ मध्ये कलम ४१ कक आलं. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना ठरवून दिली : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. ही मेहेरबानी नव्हे. धर्मादाय म्हणून ज्या सवलती संस्थेने घेतल्या, त्यांच्या बदल्यातली ही बांधिलकी आहे. उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जायला लाजू नये.

दुसरं दार हक्काचं. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९४४ चा. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली.

इथे एक गोष्ट नीट बघा. या योजनेत शिरताना "तुम्हाला आधी काही आजार होता का?" असं कोणी विचारत नाही. का? कारण निवड करायला जागाच नाही. कायद्याखाली येणारा प्रत्येक कामगार आत येतो, निरोगीही आणि आजारीही. सगळेच आत असले की कोणाला गाळायची गरज उरत नाही. आज दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू आहे. अटी पूर्ण होत असतील तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के इतका विस्तारित आजारलाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पगारपत्रकावर 'ईएसआय' ही कपात दर महिन्याला दिसते, पण आजारपणात ती आठवत नाही.

याच तर्काची दुसरी योजना आपल्या राज्यातली. २ जुलै २०१२ रोजी काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२४ पासून ते ५ लाख झालं आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट जाऊन राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांसाठी योजना खुली झाली. पेठेतल्या पांढऱ्या कार्डवाल्यांना हे अजून खरं वाटत नाही! मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत हवं आणि उपचारही यादीत हवा. म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं.

तिसरं दार कराराचं. आपण रोजच्या बोलण्यात विमा म्हणतो तो हा. करार उभा असतो अनिश्चिततेवर. आग लागेल की नाही हे दोघांनाही माहीत नसतं, म्हणून हप्ता ठरतो. आग लागल्यानंतर हप्ता ठरवता येत नाही. निदान झालेल्या रुग्णाची अडचण नेमकी इथे आहे. यात कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. कराराच्या तर्कातच ती आहे.

आता विम्याच्या कायद्यातलं एक जुनं सूत्र घेऊ : परम सद्भाव. इंग्लंडमध्ये १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोहेम हा खटला झाला. सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याचा विमा होता, किल्ला फ्रेंचांनी घेतला, आणि विमा देणारा म्हणाला की किल्ल्याचा कमकुवतपणा मला सांगितला नव्हता. लॉर्ड मॅन्सफिल्डनी सद्भावाचं तत्त्व याच निकालात मांडलं. दावा नाकारताना कंपन्या आजही त्याचा आधार घेतात. पण खटला जिंकला कोणी? विमा घेणाऱ्याने! मॅन्सफिल्ड म्हणाले, सद्भाव दोन्ही बाजूंना बांधतो. जे विमा देणाऱ्याला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, ते सांगितलं नाही असा आरोप करता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मनमोहन नंदा खटल्यात याच वळणाचा निकाल दिला. आजार कळवलेला असताना, तो तपासून पॉलिसी दिली असेल, तर नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येत नाही.

आपल्याकडे सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकृत झाला आणि १९८६ मध्ये मेडिक्लेम आलं. त्यापुढचा इतिहास म्हणजे 'आधीपासूनचा आजार' या शब्दप्रयोगावरची रस्सीखेच. २०१९ च्या नियमांनी तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी, इम्युनोथेरपी, रोबोटिक शस्त्रक्रिया हे उपचार वगळायला मनाई केली, पण त्यांवर मर्यादा घालायची मुभा ठेवली. २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ४८ वरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

आता हा इतिहास तीन रुग्णांना लावून बघू.

पहिला : पॉलिसी आधीपासून आहे, कर्करोग नंतर आला. याने एकच गोष्ट जिवापाड जपायची, नूतनीकरण. दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. पण वाढवलेल्या विमारकमेला नवा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर बिलातल्या इतर काही खर्चांतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. आणि गंभीर आजाराची जी ठोक रकमेची पॉलिसी असते, तिच्यात अगदी प्राथमिक अवस्थेतला कर्करोग बहुधा बसत नाही.

दुसरा : पॉलिसी नाही आणि निदान कालच झालं. आत्ताच्या उपचारासाठी याने कराराच्या दारावर वेळ घालवू नये. आधी हक्काचं दार, मग धर्मादायाचं. घरात कोणाच्या नोकरीत गट विमा आहे का, तेही विचारावं. बऱ्याच गट विम्यांत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात.

तिसरा : उपचार संपून काही वर्षं झालीत. याला पॉलिसी मिळू शकते, पण हप्ता किती आणि मंजुरी द्यायची का, हे कंपनी ठरवते. कर्करोग कायमचा वगळल्याचं कलम त्यात आहे का, ते आधी वाचायचं. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ते ३० दिवस वाचण्यासाठी आहेत, कपाटात ठेवण्यासाठी नाहीत.

आता एक अवघड मुद्दा. आपल्या घरांत एक वाक्य फार ऐकू येतं, "बाबांना सांगू नका." मुलगा रिपोर्ट लपवतो, प्रेमापोटी. आणि तोच मुलगा सगळ्या कुटुंबाच्या पॉलिसीचा अर्ज भरतो. "कर्करोगाचं निदान झालं आहे का?" या रकान्यात बाबांच्या नावापुढे 'नाही' लिहितो. बाबांना ठाऊक नाही हे खरंच. पण सही करणाऱ्याला ठाऊक आहे. घरातलं मौन कंपनीच्या कागदावर असत्य विधान होऊन बसतं. दावा नाकारला जातो तो दिवस नेमका केमोच्या बिलाचा असतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एवढंच म्हणतो : निर्णय त्याचाच, ज्याला माहिती आहे. कोणतं रुग्णालय, कोणती खोली, घरची पुंजी किती मोडायची, कुठे थांबायचं, हे सगळे निर्णय विम्याच्या आकड्यांशी बांधलेले आहेत. रुग्णाला अंधारात ठेवून 'माहितीपूर्ण निर्णय' हे शब्द वापरता येत नाहीत. कसं सांगायचं, कधी सांगायचं, यात डॉक्टरांची मदत घ्या. पण सांगा.

आणि दावा नाकारला गेलाच तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपाल. त्यांचं पुण्याचं कार्यालय आपल्या या शनिवार पेठेला लागूनच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. प्रस्तावपत्राची प्रत, पॉलिसी, नकाराचं पत्र आणि आपण केलेली तक्रार एवढं बरोबर न्या. प्रस्तावपत्राची प्रत जवळ नसेल, तर ती उद्याच कंपनीकडून मागवून घ्या. आजारी पडायची वाट कशाला बघायची?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.