पुढे आलेली ओळ

एखादा जाडजूड शब्दकोश उघडून पाहा. बहुतेक कोशांत प्रत्येक नोंदीची पहिली ओळ डाव्या समासाला टेकलेली असते आणि तिच्या खालच्या ओळी थोड्या आत सरकलेल्या असतात. शब्द शोधणारी नजर समासाच्या कडेने सरळ खाली उतरते, मधल्या मजकुरात अडकत नाही. संदर्भसूचीत आणि प्रश्नपत्रिकेतही हीच रचना असते. छपाईच्या व्यवसायात तिला हँगिंग इंडेंट म्हणतात.

या रचनेशी माझी पहिली गाठ पडली ती एक रात्र वाया घालवून. विद्यार्थिदशेत एका परिषदेच्या स्मरणिकेची संदर्भसूची माझ्याकडे आली होती. प्रत्येक ओळ संपली की एंटर, आणि पुढच्या ओळीच्या आरंभी स्पेसचे बटन पाच वेळा, अशा रीतीने ती सूची मी मोठ्या निगुतीने टंकित केली. पडद्यावर ती सुरेख दिसत होती. पण छापखान्यातल्या संगणकावर पेजमेकरमध्ये तो मजकूर घेतला, तेव्हा तिथला स्तंभ माझ्या पानापेक्षा अरुंद होता. प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द खाली पडले, तिथे ओळ तुटली, मग पाच रिकाम्या जागा, मग पुन्हा अर्धी ओळ. कुठली नोंद कुठे सुरू होते तेच कळेना. ऑपरेटरने शांतपणे खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि तो चहाला गेला. चूक माझीच होती. पण ती नेमकी काय होती, हे कळायला इतिहासात बरेच मागे जावे लागते.

पहिली ओळ पुढे काढण्याची पद्धत छपाईहून फार जुनी आहे. ग्रीक पपायरसांवर नवा भाग सुरू झाला की त्याची पहिली ओळ डावीकडे समासात थोडी बाहेर काढून लिहीत. या पद्धतीला एक्थेसिस म्हणतात. चौथ्या शतकातल्या ‘कोडेक्स सायनायटिकस’ या बायबलच्या हस्तलिखितात ती जागोजाग दिसते. आज परिच्छेदाची पहिली ओळ आपण आत घेतो, ती रीत त्या मानाने बरीच अलीकडची. आपल्या पोथ्यांना मात्र दोन्हींची गरज पडली नाही. तिथे मजकूर सलग चाले, आणि ओवी किंवा श्लोक कुठे संपला हे दंड आणि क्रमांक सांगत.

खिळे जुळवण्याच्या काळात ओळ आत घ्यायची म्हणजे तिथे शिशाचा कोरा तुकडा बसवायचा. ओळीची लांबी जुळाऱ्याच्या हातातच ठरे आणि एकदा ठरली की बदलत नसे. रिकामी जागा हीदेखील एक वस्तू होती, तिला वजन होते! टंकलेखन यंत्रातही तेच. घंटी वाजली की कॅरेज उजवीकडे ढकलायचे आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. मजकूर आणि त्याची मांडणी ही तिथे वेगळी काढताच येत नव्हती.

दूरमुद्रक यंत्रांनी या दोन हालचालींना दोन स्वतंत्र संकेत दिले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतप्रणालीत कॅरेज परत आणण्याचा क्रमांक १३ आहे, कागद वर सरकवण्याचा १०, आणि टॅबचा ९. सेकंदाला दहा अक्षरे छापणाऱ्या यंत्रात एका अक्षराच्या वेळात कॅरेज डावीकडे पोचत नसे. म्हणून आधी १३ आणि मग १० पाठवीत. कागद सरकेपर्यंत कॅरेज जागेवर येई. यंत्रे गेली, संकेत उरले. डॉसने दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १० ठेवला, जुन्या मॅकिन्टॉशने फक्त १३. एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेली की सगळा मजकूर एका ओळीत दिसे किंवा ओळींच्या टोकांना चमत्कारिक चिन्हे येत, त्याचे मूळ हे.

खरा बदल झाला तो ओळीऐवजी परिच्छेद हा घटक मानल्यावर. १९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो ही आज्ञावली तयार केली. परिच्छेदाचे समास हे संपूर्ण परिच्छेदाचे गुणधर्म, आणि ओळी कुठे तोडायच्या ते संगणक पाहील, हा विचार तिथे रुजला. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. वर्डमध्ये परिच्छेदाची मांडणी त्याच्या शेवटच्या अदृश्य खुणेत साठवलेली असते. ती खूण पुसली की परिच्छेद एकदम रूप पालटतो, याचा अनुभव अनेकांना असेल.

या पद्धतीत हँगिंग इंडेंट म्हणजे दोन आकडे. संपूर्ण परिच्छेद १ सेंटिमीटर आत, आणि पहिली ओळ उणे १ सेंटिमीटर. ऋण संख्येचा इतका व्यवहारातला उपयोग वर्गात क्वचितच सापडेल. प्रश्नाचा क्रमांक लिहून एकदा टॅब दिला की प्रश्न बरोबर १ सेंटिमीटरवर सुरू होतो. स्तंभ अरुंद करा, अक्षर मोठे करा, रचना मोडत नाही.

पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने १९८५ साली पेजमेकर बाजारात आणले तेव्हा बाहेरून येणारा मजकूर दोन्ही प्रकारचा होता. म्हणून पुढच्या आवृत्त्यांत साधा मजकूर आत घेताना काही प्रश्न विचारलेले असत. प्रत्येक ओळीच्या शेवटचे एंटर काढू का? परिच्छेदांमधले जास्तीचे काढू का? अमुकपेक्षा अधिक स्पेस सलग आल्या तर त्यांच्या जागी टॅब घालू का? तक्ते आणि याद्या तशाच ठेवण्याचीही सोय होती. पण यादी कुठली आणि चुकून तुटलेली ओळ कुठली, हे आज्ञावलीला अंदाजानेच ओळखावे लागे. माझ्या पाच स्पेसमध्ये ‘ही नोंद पुढे चालू आहे’ ही माहिती कुठेच लिहिलेली नव्हती. ती फक्त मला दिसत होती.

मराठी मजकुराचे दुखणे आणखी खोल आहे. वर्डस्टार ही आज्ञावली शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवून ठेवी. इंग्रजीतली लहान अक्षरे अशाने २२५ ते २५० या जागांवर जातात. १९९१ साली भारतीय मानक झालेल्या इस्की प्रणालीत त्याच जागांवर मात्रा, हलन्त, दंड आणि अंक आहेत. इस्कीने अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली. ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने हाच क्रम स्वीकारला. परंतु छापखान्यांत रुळलेले बहुतेक फाँट दिसण्याच्या क्रमाने चालत. तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर, आणि प्रत्येक कंपनीच्या जागा निराळ्या. त्या फाइली नुसत्या उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आमच्या स्मरणिकेची फाइल माझ्याकडे अजून आहे, पण तिचा फाँट नाही. मराठी लेखांसाठी छापील प्रतच काढून पाहावी लागते.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. दहा प्रश्नांची यादी एका गटाने स्पेस आणि एंटर वापरून करावी, दुसऱ्याने समासाचे दोन आकडे देऊन. मग दोन्हींच्या पानाची रुंदी निम्मी करावी, आणि दुरुस्तीला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे.