रुसलेली रखुमाई

श्रोतेहो, येथें सांताक्रूझला काय किंवा दूर वऱ्हाडांत काय, मराठी घरच्या देव्हाऱ्यांत विठोबा आणि रखुमाई शेजारीं शेजारीं उभीं असतात. पंढरीस मात्र तसें नाहीं. विठोबाच्या गाभाऱ्यांत रखुमाई नाहीं; त्याच आवारांत मागच्या बाजूस तिचें स्वतंत्र मंदिर आहे. हें अंतर कशाचें?

भागवताच्या दशम स्कंधांत रुक्मिणी प्रथम बोलते ती श्रीकृष्णास धाडलेल्या सात श्लोकांच्या निरोपांत. भाऊ रुक्मी यानें तिचें लग्न शिशुपालाशीं ठरविलें होतें. तिनें स्वतः वर निवडला, आणि अंबिकेच्या देवळापाशीं येऊन मला घेऊन जा, हा बेतही तिनेंच आंखला. याच कथेवर एकनाथांनीं शके १४९३ मध्यें, म्हणजे इ. स. १५७१ त, काशीस 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलें.

परंतु लग्नानंतरचा एक प्रसंग पाहा. श्रीकृष्ण थट्टेनें म्हणतो, माझी निवड करण्यांत तुझी चूकच झाली. हें ऐकतांच ती मूर्च्छित पडते. मग तिची समजूत घालतांना देव सांगतो, तुझा रागावलेला चेहरा मला पाहावयाचा होता! पुराणांतल्या रुक्मिणीला राग येत नाहीं. तिला भोंवळ येते.

तो राग तिला दिला पंढरीच्या स्थलकथेनें. राधेला श्रीकृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि द्वारका सोडून दिंडीरवनांत आली. देव तिला शोधीत आला, आणि पुंडलिकानें फेंकलेल्या विटेवर उभा राहिला. म्हणजे आपल्या महाराष्ट्राला विठोबा लाभला तो रखुमाईच्या रुसव्यामुळें! तिला 'आई' म्हणणाऱ्या भक्तांनीं तो रुसवा झांकला नाहीं. तिच्या वेगळ्या देवळाचें कारण म्हणून ते तो आजही सांगतात.

वर्धेच्या तीरावरील कौंडिण्यपूर हें तिचें माहेर. तेथून आषाढीस तिची पालखी पंढरीस जाते. चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींच्या हातीं 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पोथी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पोथी अवश्य द्यावी. परंतु ती देतांना वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं या पोथीची नायिका वडील भावानें ठरविलेल्या लग्नास नाहीं म्हणाली होती. मुलीनें पोथी नीट वाचली, आणि उद्यां तीही कांहीं बोलली, तर तें ऐकून घेण्याची तयारी आपली असावी.