गोष्टींची मोजदाद आणि धंद्याची वाढ

लहान धंदे कोठे वाढतात, कोठे खुरटतात आणि का, हा प्रश्न आपण सामान्यतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवून मोकळे होतो. साहित्याच्या अध्यापकांचा त्याच्याशी काही संबंध असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर उद्योजकतेच्या संशोधनाची एक मोठी शाखा चक्क गोष्टींच्या वाचनावर उभी राहिली. शालेय वाचनमालांतील कथा, प्राचीन ग्रीक वाङ्मय, इंग्लंडच्या रस्त्यांवर विकली जाणारी कथागीते यांच्या आधारे तिने राष्ट्रांच्या आर्थिक चढउताराविषयी विधाने केली. तिची एक गाजलेली प्रत्यक्ष कसोटी लागली ती आंध्र प्रदेशातील काकिनाडा या बंदराच्या गावी. 'अमुक समाज धंद्यात मागे का?' या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाच्या म्हणींत आणि कथांत शोधण्याची सवय आपल्याकडेही आहे. म्हणून हा इतिहास मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी नजरेखालून घालावा असे आम्हांला वाटते.

या विचाराचे मूळ माक्स वेबर यांच्याकडे जाते. १९०४-०५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी प्रॉटेस्टंट पंथाची नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध जोडला होता. पुढे हिंदू आणि बौद्ध धर्मांवर लिहिताना जातिव्यवस्था व कर्मसिद्धान्त यांच्या चौकटीतून तशी भांडवलशाही आपणहून उगवणे कठीण होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी वेबर यांच्या मांडणीत एक कडी घातली. श्रद्धेचा परिणाम मुलांच्या संगोपनावर होतो, संगोपनातून एक विशिष्ट प्रेरणा घडते आणि ती प्रेरणा मोठेपणी माणसाला उद्योगाकडे नेते, असे त्यांचे म्हणणे. मराठी मानसशास्त्रात या प्रेरणेला 'संपादन प्रेरणा' म्हणतात. एखादे काम उत्तम रीतीने, आपल्याच आधीच्या कामापेक्षा सरस करून दाखविण्याची ओढ, असा तिचा ढोबळ अर्थ. पैशाचा लोभ तिच्यात अभिप्रेत नाही. पैसा हे तिच्या दृष्टीने केवळ गुणपत्रक.

ही ओढ मोजायची कशी? माणसाला थेट विचारले तर तो शोभेल असेच उत्तर देणार. म्हणून त्याला एक संदिग्ध चित्र दाखवायचे आणि काही मिनिटांत गोष्ट लिहायला सांगायची. त्या गोष्टीत कोणी उत्कृष्टतेच्या मापाशी झुंजत आहे का, त्यासाठी तो काय उपाय योजतो, अडथळा बाहेरचा आहे की त्याच्या स्वतःत, मदत कोणाची मिळते, यशापयशाची भावना कशी व्यक्त होते, अशा ठरावीक घटकांना गुण द्यायचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे व्लादिमीर प्रॉप यांची आठवण होईल. १९२८ साली त्यांनी रशियन परीकथांतील एकतीस कार्ये वेगळी काढली. मॅक्लेलंड यांची पद्धत तिच्या दूरच्या नात्यातली आहे, फरक हेतूचा. प्रॉप यांना कथेची रचना हवी होती, मॅक्लेलंड यांना कथा लिहिणाऱ्याचे मन.

१९६१ च्या 'द अचीव्हिंग सोसायटी' या ग्रंथात त्यांनी हीच फूटपट्टी समाजांना लावली. १९२५ च्या आसपासच्या तेवीस देशांच्या आणि १९५० च्या आसपासच्या सुमारे चाळीस देशांच्या शालेय वाचनमालांतून प्रत्येकी एकवीस गोष्टी घेतल्या. त्या इंग्रजीत आणल्या आणि देश ओळखू येऊ नये म्हणून नावे बदलली. मग या गुणांची वीजनिर्मितीच्या वाढीशी तुलना केली. १९२५ च्या गोष्टींतले गुण पुढच्या पाव शतकातील वाढीशी जुळतात, पण १९५० च्या गोष्टींतले गुण आधी होऊन गेलेल्या वाढीशी जुळत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणजे आधी गोष्ट आणि मग कारखाना! प्राचीन ग्रीकांसाठी व्यापाराचा पसारा जेथे जेथे ग्रीक घडे सापडले त्या प्रदेशावरून ठरविला. इंग्लंडसाठी नाटके, सागरप्रवासाची वर्णने आणि कथागीते यांतील प्रेरणेची तुलना लंडनला येणाऱ्या कोळशाच्या आकड्यांशी केली. तेथेही वाङ्मयातील चढउतार अर्थव्यवहारातील चढउताराच्या आधी येतो असेच उत्तर निघाले.

हे सारे वाचताना साहित्याच्या अध्यापकाला आनंद व्हावा आणि लगेच शंकाही यावी. आनंद यासाठी, की क्रमिक पुस्तकातल्या गोष्टीला वीजनिर्मितीच्या बरोबरीने पुरावा मानण्याचे धाडस येथे कोणीतरी केले. शंका अनेक. उपरोधाने सांगितलेली यशोगाथा आणि सरळ सांगितलेली यशोगाथा यांना या मोजणीत वेगळे स्थान नाही. भाषांतरात आणि नावे पुसण्यात जे गळाले त्याचा हिशोब नाही. शिवाय क्रमिक पुस्तकातली गोष्ट हा लोकमनाचा उद्गार असतो, की निवड करणाऱ्या मंडळींनी मुलांना जे व्हावेसे वाटले त्याचा? हा प्रश्न पाठ्यपुस्तके हाताळणाऱ्या कोणालाही सुचावा. पुढे १९७७ साली जुळणीची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा नंतरच्या काळातील आर्थिक वाढीशी या गुणांचा संबंध दिसला नाही.

मॅक्लेलंड मात्र ग्रंथावर थांबले नाहीत. प्रेरणा बालपणी घडत असेल तर प्रौढांचे काय, हा पुढचा प्रश्न होता आणि त्यासाठी त्यांनी काकिनाडा निवडले. हैदराबादेत लघुउद्योगांसाठी विस्तार-प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था होती. तेथे १९६४-६५ मध्ये काकिनाड्याच्या लहान व्यावसायिकांच्या तुकड्या सुमारे दहा दिवसांच्या निवासी वर्गासाठी आल्या. पुढे वेल्लोरच्या व्यावसायिकांसाठीही वर्ग झाले. तुलनेसाठी राजमहेंद्रीसारख्या गावातील वर्ग न केलेले व्यावसायिक घेतले. वर्गात शिकविले काय? हिशेबाच्या वह्या किंवा कर्जाचे अर्ज हा मुख्य विषय नव्हता. व्यावसायिकांनी चित्रे पाहून गोष्टी लिहिल्या, गुण देण्याची पद्धत शिकून घेतली, आपल्याच गोष्टींना गुण दिले आणि त्या पुन्हा लिहिल्या. खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळातून फार सोपे आणि अशक्यप्राय यांच्या मधले अंतर निवडण्याचा सराव केला. आपल्या परंपरेतील मूल्ये या प्रेरणेशी कितपत जुळतात याचीही चर्चा झाली. थोडक्यात, तो बऱ्याच अंशी कथालेखनाचा आणि कथासमीक्षेचा वर्ग होता.

मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ साली त्याचा अहवाल ग्रंथरूपाने मांडला. वर्गानंतरच्या दोन वर्षांत नवा धंदा, नवे यंत्र, विस्तार अशा ठळक हालचाली करणाऱ्यांचे प्रमाण प्रशिक्षितांत सुमारे निम्मे होते, इतरांत जेमतेम पाव. परंपरानिष्ठ श्रद्धा उद्योगाच्या आड येतात असेही दिसले नाही. वेबर यांच्यापासून चालत आलेल्या समजुतीला हा धक्काच होता.

परंतु आमच्या मते या अहवालातले सर्वांत मोलाचे निरीक्षण निराळे आहे. परिणाम प्रामुख्याने दिसला तो ज्यांच्या हाती धंद्याची सूत्रे होती त्यांच्यावर. ज्यांच्या दुकानाचा निर्णय वडील, थोरला भाऊ किंवा भागीदार घेत होता, त्यांनी तोच वर्ग केला, तशाच गोष्टी लिहिल्या, पण त्यांच्या व्यवहारात फारसा फरक पडला नाही. म्हणजे गोष्ट माणसाला हलवू शकते, पण ज्याला हलायला जागा आहे त्यालाच. मनावर बेतलेल्या सिद्धान्ताने स्वतःच्याच आकड्यांतून आपली मर्यादा दाखवून दिली.

ही मर्यादा त्याआधीच एका अभ्यासकाने वेगळ्या वाटेने दाखविली होती. जेम्स बेर्ना यांनी मद्रास राज्यातील बावन्न मध्यम आकाराच्या कारखान्यांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. कारखानदार नाना जातींतून आणि नाना व्यवसायांतून आलेले होते. कोण उभा राहिला हे ठरविण्यात जातीपेक्षा भांडवल, अनुभव आणि तांत्रिक ज्ञान मिळण्याचा मार्ग अधिक निर्णायक होता, असे त्यांना आढळले. भारतात पुढे जी उद्योजकता-प्रशिक्षणे रूढ झाली त्यांनी दोन्ही धडे घेतले. १९७० च्या सुमारास गुजरातेत सुरू झालेल्या उपक्रमात प्रेरणेच्या वर्गाला प्रकल्पाची निवड आणि अर्थसाहाय्य यांची जोड मिळाली. १९८३ साली अहमदाबादेत राष्ट्रीय पातळीवरची संस्था आली, १९८८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले.

आता आपल्या घरातले उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा मराठी मुलांना सांगितली जाते ती जिद्दीची कथा म्हणून. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणारे शेतकरी आणि न खचणारा कारखानदार. मॅक्लेलंड यांच्या मोजणीत या कथेला भरघोस गुण मिळतील, आणि ती खोटीही नाही. परंतु बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींनी जमीन दिली, कर्ज दिले, आणि ती जमीन रेल्वे स्थानकाजवळ होती. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती जिद्द आणि जागा या दोहोंवर. आपल्या सांगण्यात दुसरा भाग तळटीपेसारखा उरतो. त्याच वसाहतीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले. कारखाना आणि कथा यांची सोबत आपल्याला मुळीच अपरिचित नाही.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण पुढे करून मराठी मनाचे निदान करणारे लेख आपण सर्वांनी वाचले आहेत. अशा निदानात मोठा अन्याय दडलेला असतो. ज्याला कर्ज मिळाले नाही, ज्याच्या हाती घरचा गल्ला नव्हता, जिच्या नावावर दुकानच नव्हते, त्या सर्वांच्या अपयशाचे खापर त्यांच्याच मनावर आणि भाषेवर फुटते. काकिनाड्याचा प्रयोग नीट वाचला तर हे खापर फोडता येत नाही. आमच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी पदवीनंतर घरच्या लहान धंद्यात शिरतात. त्यांच्यासमोर यशोगाथेचा पाठ शिकविताना नायकाची जिद्द अवश्य दाखवावी. त्याबरोबर निर्णय कोण घेत होते, भांडवल कोणाचे होते आणि जागा कोणी दिली, हे तीन प्रश्नही विचारावेत. त्यांची उत्तरे बहुधा पाठातच, एखाद्या गौण वाक्यात, सापडतात.