आंतड्यांतील खडा

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. सुपांत तांदूळ घेऊन खडे निवडणारी गृहिणी येथें घरोघर दिसते. दाणा पांढरा, खडाहि पांढरा. नजर जरा ढळली कीं खडा दांताखालीं यावयाचाच. आज सांगावयाचा इतिहासहि असाच निवडण्याचा आहे. मात्र येथें सूप म्हणजे मनुष्याचें मोठें आंतडें.

या आंतड्याच्या आंतील अस्तरावर कधीं कधीं लहानशी गांठ उगवते. तिला पॉलिप म्हणतात. पुष्कळशा गांठी निरुपद्रवी राहतात. परंतु कांहींचें बऱ्याच वर्षांनीं कर्करोगांत रूपांतर होतें. वेळींच काढल्यास तो अनर्थ टळतो.

१८९५ सालीं राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधिले. पण त्या छायाचित्रांत अवयव एकमेकांवर पडत. पुढें हाउन्सफील्ड यांनीं संगणकाच्या साहाय्यानें शरीराचे जणूं काप दाखविणारें यंत्र सिद्ध केलें. १९७१ सालीं लंडनमध्यें त्यानें प्रथमच रुग्णाचा मेंदू पाहण्यांत आला. हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांस १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

१९९४ त अमेरिकेंतील डेव्हिड व्हाइनिंग यांनीं हे काप जोडून आंतड्याच्या पोकळींतून हिंडल्यासारखें दृश्य पडद्यावर उभें केलें. तपासणीपूर्वीं आंतडें रेचकानें स्वच्छ करितात व वायूनें फुगवितात. २००३ सालीं पिकहार्ट प्रभृतींनीं १,२३३ जणांवरील अनुभव प्रसिद्ध केला. दहा मिलिमीटर वा त्याहून मोठी, पुढें बिघडूं शकणारी गांठ असलेल्या शंभरांपैकीं सुमारें ९४ जण या रीतीनें ओळखतां आले.

तरीहि शेंकडों काप पाहतांना डोळा थकतो. म्हणून समर्स, योशिदा इत्यादि संशोधकांनीं संगणकासच निवडावयास शिकविलें. तो भिंतीचा बांक मोजतो: घडी लांबट, गांठ वाटोळी. परंतु राहिलेल्या मळासहि तो कधीं गांठ समजतो; यास्तव अंतिम निर्णय डॉक्टरांचाच. शिवाय गांठ सांपडली, तर ती काढण्यास दुर्बिणीची नळी घालावीच लागते.

माझे एक शिक्षकस्नेही शौचावाटे रक्त जात असतां, मूळव्याध समजून, लाजेनें वर्षभर गप्प राहिले. तपासणी झाली तेव्हां उपायांची वेळ टळून गेली होती. त्या काळीं आमचा गांव भंडारा जिल्ह्यांत मोडे. १९९९ त गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, २०१६ त येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें. साधनें जवळ येत आहेत. लाज मात्र अद्याप दूर गेलेली नाहीं.

श्रोतेहो, लपविलेलें दुखणें कोणत्याहि यंत्रास दिसत नाहीं. खडा निवडावयाचा, तर तांदूळ आधीं सुपांत घ्यावा लागतो.