तात्पुरता पत्ता

परवा भाच्याने विचारलं, "मामा, घरातला कॅमेरा बाहेरून बघायला मधे कंपनीचा सर्व्हर कशाला लागतो?" उत्तर शोधता शोधता मी थेट १९७७ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी व्हिंट सर्फ यांनी इंटरनेटच्या पत्त्यासाठी ३२ बिट पक्के केले. म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा जगाची लोकसंख्याही साधारण तेवढीच, आणि हा तर नुसता प्रयोग! पण १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटवरच्या काहीशे संगणकांनी टीसीपी/आयपी स्वीकारलं आणि त्या प्रयोगातच आपण संसार मांडला.

पत्ते पुरणार नाहीत हे नव्वदीतच कळलं. १९९४ मध्ये 'नॅट'ची युक्ती आली. अख्ख्या चाळीला एकच पत्ता, कुठली खोली कुणाची ते फक्त दरवानाला ठाऊक. आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला थेट खोलीपर्यंत येता येत नाही. भाच्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

खरा उपाय, १२८ बिटांचं आयपीव्ही६, १९९८ मध्येच आला. पण ते जुन्याशी थेट बोलत नाही, आणि आता सगळं जग एका दिवसात बदलणंही अशक्य. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पत्तेही वाटून झाले. २०१६ नंतर जिओच्या फोरजीमुळे भारत आयपीव्ही६ वापरण्यात बराच पुढे गेला. गरज होती ना!

सर्फ चुकले असं मला वाटत नाही. युक्ती चालतेय म्हणून खरं काम पुढे ढकलायचं, ही सवय मात्र आपल्या सगळ्यांचीच.

असो. भाच्याला एवढंच म्हटलं, "तात्पुरतं काही करताना जरा जपून रे!"