विहीर, गिरणी आणि दरवाजा

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा वृत्तान्त इतरांनीं सविस्तर लिहिला आहे. त्यांत मीं भर घालावी असें फारसें उरलेलें नाहीं. मला एका निराळ्या प्रश्नाचें उत्तर देणें आहे. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर आपल्यांतील कांहीं तरुणांनीं मला अनेकदां विचारलें, "फादर, उद्यां दुकानें, वीज, पैसा, सरकार हें सारेंच बंद पडलें तर? आतांच आडगांवीं थोडी जमीन घ्यावी, विहीर खणावी, दोन वर्षांचें धान्य भरावें आणि कुंपण घालून राहावें, हें शहाणपणाचें नव्हे काय?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. अशी वेळ जगावर पूर्वीं येऊन गेली आहे, आणि त्या वेळीं एका संतानें डोंगरावर विहीर, गिरणी व मळा यांसह एक घर वसविलें होतें. त्याची हकीकत सांगतों.

संत बेनेडिक्ट यांचा जन्म ४८० च्या सुमारास मध्य इटलींतील नुर्सिया गांवीं झाला. त्याच्या थोडें आधीं, ४७६ सालीं, पश्चिमेकडील शेवटचा रोमन बादशहा पदच्युत झाला होता. तथापि कर, कचेऱ्या व बाजार पुढेंही चालूच राहिले. खरा कडेलोट झाला तो ५३५ सालीं सुरू झालेल्या युद्धानें. पूर्वेकडील बादशहा जस्टिनियन व इटलीवर राज्य करणारे गॉथ लोक यांच्यांत हें युद्ध जवळजवळ वीस वर्षें चाललें. रोम नगरी किती परावलंबी झाली होती तें तेव्हां उघडें पडलें. तिचें पाणी दूरच्या डोंगरांतून दगडी पाटांनीं येई, आणि त्याच पाण्यावर पिठाच्या गिरण्या फिरत. ५३७ सालीं वेढा घालणाऱ्या गॉथांनीं ते पाट तोडले. पाण्याबरोबर पीठही बंद झालें. सेनापति बेलिसारियस यानें टायबर नदींत होड्या बांधून त्यांच्या मध्यें गिरण्या चालविल्या, म्हणून नगर तगलें. ५४६ च्या वेढ्यांत तर लोक पडक्या भिंतींच्या कडेला उगवणारा खाजरा पाला शिजवून खात.

मग खेड्यांत तरी सुख होतें काय? या युद्धाचा इतिहास लिहिणारा प्रोकोपियस सांगतो कीं, सैन्यांच्या येण्याजाण्यानें शेतें पेरल्यावांचून राहिलीं आणि एकट्या पिकेनम प्रांतांत निदान पन्नास हजार शेतकरी भुकेनें मेले. आमच्या तरुण मित्रांनीं हा आंकडा नीट लक्षांत घ्यावा. हे शहरांतले लोक नव्हते. नांगर धरणारे होते; जमिनीवरच त्यांचा जन्म गेला होता. जमीन होती, पण ती पेरण्यास व राखण्यास एकत्र उभा राहणारा समाज मोडला होता.

याच काळांत, ५२९ च्या सुमारास, बेनेडिक्ट कांहीं शिष्यांसह माँते कासिनोच्या डोंगरावर गेले. तेथें त्यांनीं जो मठनियम लिहिला, तो मी सेमिनरींत असतांना प्रथम वाचला व त्यानंतर कितीएक वेळां वाचला. आश्चर्य असें कीं, त्यांत युद्धाविषयीं एक शब्द नाहीं. भाकरी प्रत्येकास दिवसाला पौंडभर, द्राक्षारस एक हेमिना. कुदळ, कोयता इत्यादि अवजारांची यादी मठाधिपतीपाशीं. आणि कोठाऱ्यानें मठांतील प्रत्येक भांडें वेदीवरील पवित्र पात्राप्रमाणें जपावें. स्वयंपाकघराची सेवा आळीपाळीनें करावी. जन्मानें स्वतंत्र असलेल्यास दासकुलांतून आलेल्याहून वरचढ मानूं नये. आपल्या जुन्या गांवगाड्यांतही सुतार, लोहार, कुंभार होते व गांव बऱ्याच अंशीं आपलें आपण भागवीत असे. पण तेथें काम जातीला बांधलेलें होतें. मठांत तें तसें नव्हतें.

सहासष्टाव्या प्रकरणांत तें प्रसिद्ध वचन आहे: शक्य असेल तर पाणी, गिरणी, मळा व निरनिराळे धंदे मठाच्या आंतच असावेत. स्वावलंबनाचे कैवारी एवढेंच उचलतात. परंतु हें प्रकरण विहिरीचें किंवा गिरणीचें नाहीं. तें द्वारपालाचें आहे. दरवाजावर एक पोक्त व शहाणा म्हातारा बसवावा, कोणी दार ठोठावलें किंवा गरिबानें हांक मारली कीं त्यानें देवाचे आभार मानून तत्परतेनें ओ द्यावी, असें त्यांत आधीं सांगितलें आहे. गिरणीचा उल्लेख मागाहून येतो. त्याचें कारणही दुष्काळाची भीति हें नसून, साधूंनीं बाहेर भटकूं नये, तें त्यांच्या आत्म्यास हितकर नाहीं, एवढेंच दिलें आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं बाँबवर्षावानें हा मठ जमीनदोस्त झाला, तेव्हांही आसऱ्यास आलेले लोक आंत होते, आणि त्यांतले पुष्कळ तेथेंच मेले.

या दरवाजाची परीक्षा बेनेडिक्ट यांच्या हयातींतच झाली. थोर संत ग्रेगरी पोपमहाराज यांनीं त्यांच्या शिष्यांकडून ऐकून ती नोंदून ठेविली आहे. काम्पानिया प्रांतांत दुष्काळ पडला. मठाचा गहूं संपून पांचच भाकरी उरल्या. दुसऱ्या दिवशीं दारापुढें पोत्यांत दोनशें मोदियस पीठ सांपडलें. एक मोदियस म्हणजे सुमारें नऊ लिटरचें माप. तें कोणीं आणलें हें कोणास कळलें नाहीं. त्याच टंचाईंत आगापितुस नांवाचा एक उपडीकन थोडें तेल मागावयास आला. कोठाऱ्यानें दिलें नाहीं. दिलें असतें तर बंधूंना कांहींच उरलें नसतें, असें त्यानें सांगितलें. बेनेडिक्ट रागावले व आज्ञाभंगानें राखलेली ती कांचेची बाटली खिडकींतून खडकांवर फेकावयास लाविली. ती फुटली नाहीं, व तेल आगापितुसला मिळालें.

मी कोठाऱ्याला हंसूं शकत नाहीं. टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यांत आपल्या मंदिराच्या कोठींत तांदळाचीं अकरा पोतीं होतीं. पुढें काय वाढून ठेवलें आहे कोण जाणे, म्हणून त्यांतलीं पांच बाजूला काढावीं असें मींच सांगितलें, आणि वीटभट्टीवरून आलेल्या एका कुटुंबाला "उद्यां या" म्हणून परत पाठविलें. दुसऱ्या दिवशीं तीं माणसें आलीं नाहींत. तीं पायींच आपल्या मुलुखाकडे निघून गेलीं होतीं. पावसाळ्यांत तीं पोतीं उघडलीं, तों तांदळाला सोंडकिडे लागलेले. तरुणांनीं विहीर खणावी, मळा करावा, भात पिकवावें; मी त्यांना अडवीत नाहीं, उलट पहिली कुदळ मारावयास येईन. कुंपणाविषयीं मात्र माझें मत त्या दिवसापासून बनलें आहे.

बेनेडिक्ट ५४७ च्या सुमारास निवर्तले. पुढें तीसेक वर्षांनीं लोंबार्ड टोळ्यांनीं रात्रीं मठ लुटला. विहीर, गिरणी, मळा सारें गेलें. एकही साधु मात्र त्यांच्या हातीं लागला नाहीं. ते रोमला पळाले. जातांना त्यांनीं काय नेलें, हें त्याच मठांत पुढें साधु झालेल्या पाउल डीकननें लिहून ठेविलें आहे: मठनियमाची पोथी, कांहीं लेख, भाकरीचें वजन आणि द्राक्षारसाचें माप. डोंगर शंभरांहून अधिक वर्षें ओस राहिला. ७२० च्या सुमारास पेत्रोनाक्स नांवाच्या भक्तानें मठ पुन्हां वसविला. आणि पुढें पोप जखारिया यांनीं ती पोथी, तें वजन व तें माप त्याच्या स्वाधीन केलें.