उत्तरभागांचा वारसा

सक्करदऱ्यास भोसल्यांच्या वाड्याजवळून जातांना पहिल्या रघूजींचा पराक्रम आठवतो आणि वाटतें, वंश लांबला म्हणजे तेज उतरावयाचेंच. ग्रंथमालांविषयींहि रसिक असेंच बोलतात. आम्हांस हा नियम पटत नाहीं.

भा. रा. भागवतांनीं मराठी मुलांस ज्याची गोडी लाविली, त्या ज्यूल व्हर्नचेंच उदाहरण घ्यावें. १८६५ च्या कादंबरीअखेर तोफेंतून उडालेले तिघे प्रवासी चंद्राभोंवतीं अडकून राहिले. त्यांचें पुढें काय झालें, हें १८७० च्या दुसऱ्या भागानें सांगितलें. चंद्रामागील काळोखांतून फिरवून त्यांस प्रशांत महासागरांत सुखरूप उतरविलें. तो भाग पहिल्यानेंच मागून घेतला होता. १८८९ च्या तिसऱ्या भागांत तेच तोफवाले पृथ्वीचा आंस सरळ करावयास निघतात. गणितांत तीन शून्यें गळाल्यानें बेत फसतो. विनोद चांगला आहे. परंतु जुनीं पात्रें आलीं, जुना प्रश्न आला नाहीं.

नागपूरचें राज्यहि केवळ तेज ओसरल्यामुळें बुडालें नाहीं. १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले आणि दत्तक नाकारून डलहौसीनें पुढील वर्षीं तें खालसा केलें. ग्रंथमालाहि भागांच्या संख्येनें नव्हे, तर प्रश्नास वारस न उरल्यानें खालसा होते.